खाडीवरच्या जुन्या काँक्रीट पुलाची अल्ट्रासाउंड तपासणी : पहिल्या नोंदीपासून दरवर्षीच्या तुलनेपर्यंत

जुन्या पुलाचा अल्ट्रासाउंड अहवाल हातात आला की मी आधी आकडे बघत नाही, नकाशा शोधतो. ‘गर्डर क्रमांक ३, बिंदू ७, वेग ३.८’ असं लिहिलेलं असतं. पण बिंदू ७ गर्डरच्या (पुलाच्या आडव्या तुळईच्या) टोकापासून किती मीटरवर, तळापासून किती उंचीवर, हे अनेकदा कुठेच नसतं. मग पाच वर्षांनी दुसरी टीम येते, आपल्या सोयीने बिंदू घेते, तिचा आकडा ३.६ येतो, आणि पूल खालावला की जागा बदलली हे कोणालाच सांगता येत नाही. या चाचणीचं खरं मोल एका आकड्यात नाही. त्याच जागी, तशाच हवामानात, त्याच पद्धतीने पुन्हा घेतलेल्या आकड्याशी तुलना करता आली तरच ती कामाची. म्हणून पहिल्या दिवसापासून, दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला समोर ठेवून हे काम कसं करायचं, ते इथे लिहितो आहे. साइटवर जाणारे नवे अभियंते आणि चाचणी करून घेणारे कार्यालयातले लोक, दोघांसाठी.

यंत्र काय मोजतं

एका प्रोबमधून ध्वनीचा स्पंद काँक्रीटमध्ये जातो, दुसरा प्रोब तो पकडतो, आणि मधे किती मायक्रोसेकंद गेले ते यंत्र दाखवतं. अंतर भागिले वेळ, म्हणजे वेग. गर्डरच्या ३०० मिमी जाडीच्या वेबमधून, म्हणजे मधल्या उभ्या भिंतीतून, स्पंदाला ७१.४ मायक्रोसेकंद लागले तर वेग ४.२ किमी प्रतिसेकंद. तेवढ्याच जाडीला ८८ लागले तर ३.४. स्पंदाला वाटेत पोकळी, हनीकोंब (खडीमधे राहिलेला जाळीदार, पोकळ भाग) किंवा भेग आडवी आली तर तो वळसा घालून येतो किंवा खिळखिळ्या काँक्रीटमधून हळू जातो, आणि वेळ वाढतो. मूळ तत्त्व इतकंच.

पुलांवर बहुतेक वेळा ५४ किलोहर्ट्झचे प्रोब वापरतात. चांगल्या काँक्रीटमध्ये या स्पंदाची तरंगलांबी सुमारे ७५ ते ८० मिमी भरते. त्याहून बरीच लहान पोकळी त्याला नीट जाणवत नाही. दीड मीटरपेक्षा जाड खांबातून आरपार मोजायचं असेल तर २४ किलोहर्ट्झच्या आसपासचे प्रोब हवेत, कारण जास्त कंप्रतेचा स्पंद तेवढ्या अंतरात विरून जातो. पातळ भागात किमान अंतराची अट येते: २० मिमी खडीच्या काँक्रीटला निदान १०० मिमी आणि ४० मिमी खडीच्या काँक्रीटला १५० मिमी. त्याहून कमी अंतरात तुम्ही काँक्रीटऐवजी एखाददुसरी खडीच मोजत असता.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. ही चाचणी काँक्रीटची आहे, सळईची नाही. कोकणातले पूल बहुतांशी खारामुळे सळई गंजून खराब होतात, आणि गंज सुरू झाल्यावरही बराच काळ काँक्रीटमधला वेग उत्तम येऊ शकतो. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी डोळे आणि हातोडी

यंत्राची पेटी उघडण्याआधी पूल पायी आणि होडीतून पूर्ण बघून घ्या. मूळ नकाशे मिळाले तर उत्तम. जुन्या पुलांचे ते बऱ्याचदा मिळत नाहीत. तेव्हा मापं घेऊन स्वतःचं रेखाटन करा.

काय शोधायचं? एक्स्पान्शन जॉइंटखालची, म्हणजे दोन गाळ्यांमधल्या सांध्याखालची, गर्डरची टोकं आणि पिअर कॅप (खांबाच्या माथ्यावरची आडवी तुळई) सर्वांत आधी. जॉइंट फाटला की पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच झिरपतं. मग पाण्याच्या नळ्या, म्हणजे डेकमधून (ज्यावरून गाड्या जातात त्या स्लॅबमधून) खाली सोडलेले स्पाउट. ते आखूड असले तर पाणी थेट गर्डरच्या अंगावर उडतं. तिसरी जागा समुद्राकडच्या बाजूची: नैर्ऋत्येचा वारा चार महिने खाऱ्या पाण्याचे तुषार ज्या कडेच्या गर्डरवर फेकतो, तो आणि त्याच पुलाचा आतला गर्डर यांची प्रकृती वेगळी असते. चौथी जागा खांबावर, भरतीच्या रेषेच्या आसपास आणि तिच्या वरचा हात-दोन हात पट्टा, जिथे काँक्रीट रोज भिजतं आणि रोज सुकतं. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला क्षार भरपूर मिळतो पण प्राणवायू कमी, म्हणून तिथे गंज त्या मानाने संथ असतो.

मग हातोडी. हलकी हातोडी ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आतून सुटलेलं आहे. असा भाग खडूने घेरून घ्या आणि त्यावर अल्ट्रासाउंडचे बिंदू घेऊ नका. सुटलेल्या पापुद्र्यामागे हवेची फट असते, तिच्यातून स्पंद पलीकडे जातच नाही, आणि तिथला आकडा आतल्या काँक्रीटबद्दल काही सांगत नाही. पापुद्रा सुटला आहे, हे हातोडीने आधीच सांगितलेलं असतं.

पुलाखाली आग्या मोहोळ आहे का, हेही याच फेरीत बघा. पिअर कॅपच्या आडोशाला ती हमखास लागतात. ग्राइंडर सुरू झाल्यावर ती लक्षात आली तर परांचीवरच्या माणसाला पळायला जागा नसते. मोहोळ असेल तर ते जाणत्याकडून रीतसर हलवून मगच काम.

तिथी पाहून दिवस ठरवा

खाडीत काम करणाऱ्याला भरतीचा हिशेब आलाच पाहिजे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). पुनवेला आणि अवसेला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे सुकती पहाटे-सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ मागे सरकते, म्हणून नक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून आणि तिथल्या होडीवाल्याला विचारून घ्या.

यातून कामाची आखणी निघते. खांबाचा सर्वांत खालचा पट्टा मोजायचा असेल तर पुनव-अवसेच्या आसपासचे दिवस धरा, कारण पाणी तेव्हाच सर्वांत खाली जातं. पण उजाडताच परांचीवर असायला हवं. गर्डर आणि पिअर कॅपचं दिवसभराचं काम असेल तर अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी बरं. चढ-उतार कमी, ओढ कमी, होडी स्थिर.

ऋतूचं म्हणाल तर मी डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरतो. पावसाळ्यानंतर भेगा सुकलेल्या असतात आणि ऊन अजून तापलेलं नसतं. दोन्हीला कारण आहे. ओलं काँक्रीट कोरड्यापेक्षा सुमारे २ टक्क्यांपर्यंत जास्त वेग दाखवू शकतं, आणि पाण्याने भरलेली भेग तर स्पंदाला पूलच बांधून देते. उष्णतेचा परिणाम उलटा. ५ ते ३० अंशांपर्यंत फरक नगण्य, पण ३० ते ६० अंशांच्या दरम्यान वेग ५ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेकडचा गर्डर हाताला चटका देतो. तिथला आकडा जानेवारीच्या सकाळच्या आकड्याशेजारी ठेवला, तर नसलेली घट दिसेल. कोणताही काळ निवडा, पण दरवर्षी तोच ठेवा.

जाळी आखणं

इथे वेळ द्या. बाकी सगळं काम यावर उभं आहे.

प्रत्येक गर्डरसाठी असा एक स्थिर संदर्भ ठरवा जो दुरुस्तीतही बदलणार नाही. गर्डरचं टोक आणि तळाची कड हे सहसा सोयीचे. त्यांच्यापासून आडवं आणि उभं अंतर मोजून बिंदू टाका. संशयित भागात ३०० मिमीची जाळी, बाकी ठिकाणी अर्धा ते एक मीटर पुरते. सगळा पूल दाट जाळीने मोजण्याच्या हट्टापायी नोंदी घाईत होतात. त्यापेक्षा निवडक जागा नीट मोजा, आणि त्यात एक-दोन चांगल्या, आडोशाच्या जागाही मुद्दाम घ्या. त्या निरोगी जागांचा आकडा पुढे तुलनेला लागतो.

ऑइलपेंटचे ठिपके कोकणातल्या पावसात फार टिकत नाहीत. खिळे ठोकून खुणा करणं तर चुकीचंच, कारण आपणच कव्हरमध्ये क्षाराला वाट करून देतो. स्टेनलेस स्टीलची छोटी चकती इपॉक्सीने चिकटवा. तीही प्रत्येक बिंदूला नको, जाळीच्या दोन कोपऱ्यांना पुरे. बाकी बिंदू त्यावरून टेपने काढता येतात. चकती दिसेल असा एक फोटो, आणि गर्डरचं टोक, चकती, जाळी हे सगळं एकत्र दिसेल असा दुसरा.

जाळी आखली की कव्हरमीटरने सळया शोधा आणि खडूने त्यांच्या रेषा मारा. पोलादात स्पंद जवळपास ५.९ किमी प्रतिसेकंद वेगाने जाऊ शकतो. स्पंदाची वाट सळईला समांतर आणि तिच्या जवळून गेली तर तो सळईवरूनच पळतो आणि खराब काँक्रीटही चांगलं दिसतं. सळई वाटेला काटकोनात आडवी असेल तर परिणाम थोडा. म्हणून बिंदू दोन सळयांच्या मधल्या चौकोनात येईल असा सरकवा आणि सरकवलेली जागाच नोंदवा.

पृष्ठभाग आणि ग्रीस

खाडीपुलाच्या काँक्रीटवर मिठाचा थर, शेवाळ, धूळ आणि खांबावर कालवं असतात. कालवं छिन्नीने सोडवताना काँक्रीटला घाव लागू देऊ नका. तारेच्या ब्रशने घासा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या. खडबडीत राहिलं तर प्रोबच्या आकारापेक्षा जरा मोठा गोल ग्राइंडरने सपाट करा. फक्त वरचा कमकुवत थर काढायचा, खोल जायचं नाही. जुना गिलावा किंवा रंग असेल तर तेवढ्या ठिपक्यापुरता काढावाच लागतो.

प्रोब आणि काँक्रीटच्या मधे हवा राहिली तर स्पंद तिथेच अडकतो, म्हणून ग्रीस. पातळ पेट्रोलियम जेली उन्हात ओघळते. उभ्या पृष्ठभागावर घट्ट ग्रीस बरं. पातळ थर लावा, प्रोब किंचित फिरवत दाबा, जास्तीचं ग्रीस कडेने बाहेर येऊ द्या. दरवर्षी तेच ग्रीस वापरा. आणि काम झाल्यावर ते पूर्ण पुसून, सॉल्व्हंटने साफ करा. पुढे त्या जागी दुरुस्तीचा मॉर्टर लागणार असेल तर ग्रीसवर तो धरत नाही.

जाडी स्वतः मोजा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. नकाशात वेब २५० मिमी लिहिलेलं असतं आणि गणितात तेच घेतलं जातं. साच्याची फळी थोडी आत किंवा बाहेर सरकलेली असते. वेळ ५९.५ मायक्रोसेकंद आला, तर २५० मिमी धरून वेग ४.२० येतो. प्रत्यक्षात वेब त्या जागी २४० मिमी असेल तर खरा वेग ४.०३. दहा मिलिमीटरच्या फरकाने चार टक्के गेले, आणि पुढच्या वर्षी कोणी खरी जाडी मोजली तर एका वर्षात पूल चार टक्के खालावला असा निष्कर्ष निघेल. मोठा बाह्य कॅलिपर घ्या, प्रत्येक बिंदूची जाडी मोजा, १ टक्क्याच्या आत ठेवा. खांबासाठी दोन बाजूंना ताठ पट्ट्या लावून मधलं अंतर मोजता येतं.

रीडिंग घेणं

यंत्रासोबत एक संदर्भ-दांडी येते, तिच्यावर तिचा ठरावीक वेळ कोरलेला असतो. सुरुवातीला, दर तासाला आणि शेवटी तिच्यावर वाचन घ्या. केबल बदलली किंवा यंत्र उन्हात तापलं तर लगेच. तीही नोंद वहीत जायला हवी, कारण पुढच्या वर्षी दुसरं यंत्र असलं तर दोघांना जोडणारा दुवा तोच.

दोन्ही प्रोब समोरासमोर ठेवून घेतलेलं आरपार वाचन सर्वांत भरवशाचं. आय आकाराच्या गर्डरचं वेब त्यासाठी आदर्श. दोन माणसं दोन बाजूंना, आणि समोरचा बिंदू अचूक सापडावा म्हणून दोघांनी एकाच कडेपासून माप घ्यावं. समोरासमोर जमत नसेल तर कोपऱ्यावर, एक प्रोब एका बाजूला आणि दुसरा काटकोनातल्या बाजूला. तेव्हा अंतर तिरकं मोजायचं.

प्रत्येक बिंदूवर प्रोब उचलून, पुन्हा लावून निदान तीन वाचनं. आकडा स्थिर राहत नसेल, सारखा वर-खाली होत असेल, तर ग्रीस आणि दाब तपासा. तरीही हलत असेल तर त्याची सरासरी काढून मोकळे होऊ नका. ‘संकेत क्षीण’ अशी नोंद करा. ज्या यंत्रात तरंगाचा आलेख दिसतो त्यात तो जपून ठेवा. सुरुवातीचा उठाव पुसट असेल तर यंत्र पुढचा मोठा उठाव पहिला समजून वेळ जास्त दाखवतं, आणि हे फक्त आलेखात कळतं. तरंगाची उंची घटलेली असणं ही स्वतःच एक खूण आहे. बारीक भेगांच्या भागात वेग उतरण्याआधी बऱ्याचदा तीच उतरते.

वरून अवजड गाडी जात असेल तर ती जाऊ द्या आणि मग वाचन घ्या.

एकच बाजू मिळते तेव्हा

डेक स्लॅबला खालूनच हात पोचतो. तिथे पृष्ठभागावरून मोजावं लागतं: एक प्रोब जागेवर, दुसरा १००, २००, ३००, ४००, ५०० मिमीवर सरकवत न्यायचा. एका अंतराच्या आकड्यावर विसंबू नका. अंतर आणि वेळ यांचा आलेख काढा, रेषेच्या उतारावरून वेग काढा.

रेषा सरळ आली तर छान. मधेच मोडली तर वरचा आणि आतला थर वेगळा आहे. समजा ३०० मिमीपर्यंत दर १०० मिमीला ३२ मायक्रोसेकंद लागतात आणि त्यापुढे २४. म्हणजे वरच्या थराचा वेग सुमारे ३.१, आतल्याचा ४.२. खराब थराची जाडी काढायला वेगांची वजाबाकी भागिले बेरीज, त्याचं वर्गमूळ, गुणिले रेषा जिथे मोडली त्या अंतराचा निम्मा. इथे उत्तर ५५ ते ६० मिमी येतं. कव्हर ४० मिमी असेल तर खराबी सळईच्या मागे पोचली आहे, आणि दुरुस्तीत किती खोल फोडायचं हे तुम्हाला आधीच कळलं.

पृष्ठभागावरून आलेला वेग आरपार वेगापेक्षा नेहमीच कमी असतो, ५ ते २० टक्क्यांनी. चांगल्या काँक्रीटमध्ये फरक साधारण ०.५ किमी प्रतिसेकंद. म्हणून अहवालात दोन्ही पद्धतींचे आकडे एका रकान्यात कधीच घालू नका.

भेगेची खोली

भेग पृष्ठभागाला काटकोनात आत गेलेली, कोरडी आणि मोकळी असेल तर तिची खोली मोजता येते. भेगेच्या दोन्ही बाजूंना १५० मिमीवर प्रोब ठेवून पहिला वेळ घ्या, मग दोन्ही बाजूंना ३०० मिमीवर ठेवून दुसरा. पहिल्या वेळेच्या वर्गाची चौपट करून त्यातून दुसऱ्याचा वर्ग वजा करा. त्याला दुसऱ्याचा वर्ग वजा पहिल्याचा वर्ग याने भागा. वर्गमूळ काढून १५० ने गुणा.

पहिला वेळ ८५.०, दुसरा १५५.२ मायक्रोसेकंद असेल तर वरचा आकडा ४,८१३, खालचा १६,८६२, आणि खोली सुमारे ८० मिमी. आता पहिला वेळ चुकून ८६ वाचला गेला असं धरा: खोली ८६ मिमी येते. एका मायक्रोसेकंदाला सहा मिलिमीटर. म्हणून अहवालात ‘८०.१ मिमी’ लिहिणं बरोबर नाही. ‘७५ ते ८५’ लिहा.

भेग पाण्याने किंवा गाळाने भरली असेल, किंवा तिला जोडून सळई जात असेल, तर स्पंद मधूनच पलीकडे जातो आणि खोल भेग उथळ दिसते. खाडीपुलावर हा धोका नेहमीचा, आणि चूक धोक्याच्या बाजूची. शंका असेल तर त्या भेगेवर छोटा कोअर (ड्रिलने कापून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना) घ्या.

आकडे वाचताना

१९९२ च्या आयएस १३३११ (भाग १) या भारतीय मानकातली विभागणी अनेकांना पाठ असते: ४.५ च्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३.० ते ३.५ मध्यम, ३.० च्या खाली संशयास्पद. आता त्याची जागा आयएस ५१६ (भाग ५, विभाग १) : २०१८ ने घेतली आहे आणि मर्यादाही बदलल्या आहेत. नव्या अहवालात चालू मानक, त्याच्या दुरुस्त्यांसह, हाताशी ठेवूनच शेरा लिहा. आणि जुन्या अहवालातला ‘चांगलं’ हा शेरा नव्या शेऱ्याशी ताडू नका, आकड्याशी आकडा ताडा.

वेगावरून ताकद थेट काढू नका. खडीचा प्रकार, तिचं प्रमाण, काँक्रीटचं वय यांनी वेग बदलतो, ताकद तेवढ्याच प्रमाणात बदलत नाही. ताकद हवी असेल तर वेगाच्या नकाशावरून चांगली, मधली आणि वाईट अशी ठिकाणं निवडून तिथे कोअर घ्या आणि त्या पुलापुरता संबंध बसवा. अल्ट्रासाउंडचा हा फार मोठा उपयोग आहे: कोअर कुठे घ्यायचा ते तो सांगतो.

आता सळईची गोष्ट. खार कव्हरमधून आत झिरपताना काँक्रीट तोडत नाही, त्यामुळे वेग ढळत नाही. सळई गंजून फुगली, कव्हर तडकलं, की मग वेग उतरतो. तोवर सळईचं नुकसान झालेलं असतं. म्हणून खाडीपुलावर अल्ट्रासाउंड एकटं कधीच करू नका. त्याच जाळीवर हाफ-सेल पोटेन्शियल (सळईचा विद्युतदाब मोजणारी चाचणी) घ्या; कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचा आकडा सळईवर गंज चालू असण्याची दाट शक्यता सांगतो. मात्र सतत भिजलेल्या खांबावर प्राणवायूअभावीही आकडा फार उणे येतो, तिथे तो तसाच्या तसा घेऊ नये. सोबत वेगवेगळ्या खोलीवरची ड्रिलची भुकटी घेऊन क्लोराइड, म्हणजे आत शिरलेला खार, तपासा. वेग ४.३, पोटेन्शियल उणे ४००, सळईच्या खोलीवर क्लोराइड भरपूर, असं चित्र आलं तर तो पूल आजारी आहे. फक्त वेगाचा रकाना बघणाऱ्याला तो निरोगी वाटेल, म्हणून हे ठळक लिहिणं अहवाल देणाऱ्याचं कर्तव्य आहे.

केबलचे पूल आणि दगडी पूल

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. तो प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत ताणून बसवलेल्या पोलादी केबलांचा होता, त्याला दोन दशकंही झाली नव्हती, आणि घात केला तो आतल्या केबलच्या गंजाने. अशा पुलात केबलच्या नळीमध्ये ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) नीट भरलेलं नसेल तर पोकळीत ओल आणि खार साठतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. साधं आरपार वाचन इथे अपुरं; धातूच्या नळीतली पोकळी वेगात जेमतेम उमटते.

त्यासाठी पल्स-इको, म्हणजे परत आलेल्या प्रतिध्वनीवरून आतलं पाहण्याची पद्धत. अनेक कोरड्या टोकांचे प्रोब एका चौकटीत बसवलेलं यंत्र एकाच बाजूने लावतात. ते ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे कातर-तरंग (शिअर वेव्ह) सोडून परावर्तनं गोळा करतं आणि आतला छेद चित्रासारखा दाखवतं. ग्रीस लागत नाही. परावर्तन पोलादावरून आलं की हवेवरून, हे त्याच्या कलेवरून (फेजवरून) ओळखता येतं, कारण हवेवरून परतताना तरंग उलटा होतो. हे चित्र वाचायला अनुभवी माणूस लागतो, आणि संशयित जागी नळीपर्यंत जपून छोटं भोक पाडून, आत एंडोस्कोप घालून खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. भोक पाडण्याचा निर्णय मात्र स्ट्रक्चरल अभियंत्याचा, चाचणी करणाऱ्याचा नव्हे.

दगडी कमानींबद्दल नेहमी विचारलं जातं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह गेल्या. तो दगडी कमानींचा होता. असंख्य सांधे असलेल्या दगडी बांधकामाला काँक्रीटच्या वेगाचे निकष लागू होत नाहीत. आणि पुरातल्या पुलासाठी, तो दगडी असो की काँक्रीटचा, पायाजवळची माती किती खचली हे पाणबुड्या पाठवून किंवा खोली मोजून बघणं वेगळं आणि तितकंच तातडीचं काम आहे. प्रोब कितीही नीट लावला तरी पायाखालची धूप त्याला कळत नाही.

दुसऱ्या वर्षी आणि पुढे

पहिल्याच वर्षी एक काम करून ठेवा. जाळीतले काही बिंदू दुसऱ्या दिवशी त्याच टीमने, पहिली वही न बघता, पुन्हा मोजावेत. दोन दिवसांच्या आकड्यांत जो फरक येईल तो पुलाचा नाही, तुमच्या मोजण्याचा आहे. तो दोन टक्के असेल, तर पुढच्या वर्षीच्या दोन टक्के घटीला अर्थ नाही. हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर हवा.

दरवर्षीच्या वहीत वेगासोबत काँक्रीटचं तापमान, ओल, भरतीची वेळ, यंत्र, प्रोब आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. तुलना करताना आधी त्या निरोगी, आडोशाच्या जागा बघा. तिथेही सगळीकडे सारखीच घट असेल तर कारण बहुधा हवामान किंवा यंत्र. निरोगी जागा जिथल्या तिथे आणि जॉइंटखालचे शेजारी-शेजारचे चार बिंदू उतरलेले, तर ती पुलाची हाक. समजा तिथले आकडे पहिल्या वर्षी ४.२०, दुसऱ्या वर्षी ४.१५, तिसऱ्या वर्षी ३.९५ आले. ३.९५ हा कोणत्याही तक्त्यात वाईट आकडा नाही, पण त्याची चाल वाईट आहे. लगेच हातोडी, हाफ-सेल आणि जॉइंटची पाहणी. वर्षभर थांबायचं नाही. एकट्या बिंदूने मोठी उडी मारली तर आधी तोच बिंदू पुन्हा मोजा.

महत्त्वाच्या पुलावर कायमचे प्रोब काँक्रीटमध्ये बसवण्याची सोयही आता आहे. त्यात स्पंदाचा पहिला उठाव सोडून मागून रेंगाळत येणारी शेपटी तपासतात. ती काँक्रीटमध्ये असंख्य वेळा आपटून आलेली असल्याने दहा हजारात एक भाग इतका वेगबदलही तिच्यात उमटतो. पण इतक्या संवेदनशीलतेला रोजचं ऊन आणि वाहतुकीचा भारही दिसतो, म्हणून तापमानाची सलग नोंद नसेल तर तो डेटा वाचता येत नाही. ज्या पुलाची साधी वार्षिक जाळीच अजून आखलेली नाही, तिथे आधी जाळी आखा.

दुरुस्ती झालेल्या जागेची जुनी मालिका तिथेच थांबवा. भेगेत इपॉक्सी भरल्यावर ती पूर्ण घट्ट झाली की त्याच बिंदूंवर वाचन घ्या. वेग वाढला नसेल तर इपॉक्सी आतवर पोचलेली नाही, आणि ठेकेदाराचं बिल मंजूर होण्याआधी हे कळलेलं बरं. खांबाला जॅकेट (बाहेरून नव्या काँक्रीटचं आवरण) केलं असेल तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा स्पंदाच्या वाटेत येतो. जाडी नव्याने मोजा, नवी पहिली नोंद सुरू करा, आणि वहीत दुरुस्तीची तारीख व साहित्य लिहा. जाळीचा नकाशा, फोटो आणि मूळ आकडे यांची एक प्रत पुलाच्या देखभालीचं काम ज्या उपविभागाकडे आहे तिथल्या पुलाच्या फाइलला लावा, आणि एक त्या पुढच्या टीमला कार्यादेशासोबतच द्या, म्हणजे ती परांची बांधायच्या आधी चकत्या शोधायला लागेल.